परदेशी क्लायंट रेट विचारून गायब होतात, स्टेज लाइटच्या धंद्यात त्यांचा विश्वास कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की एलईडी पार (एका जागी स्थिर राहणारे स्टेज लाइट) आणि मूव्हिंग हेड (स्वतः फिरणारे लाइट) असेंबल करता, दुबई-केनियाहून चौकशी येते, रेट दिला की माणूस गायब. माझा वसईला गाळा आहे, हाच धंदा, आणि पहिली दोन वर्षं माझंही अगदी हेच चाललं होतं.

आधी तो घाबरतो कशाला ते बघा. तो बहुतेक लाइट भाड्याने देणारा रेंटलवाला असतो, लग्नात नवरीची एंट्री चालू असताना बारापैकी चार हेड बंद पडले तर शिव्या त्याला बसणार, तुम्ही इथे ढाराढूर. त्यात रेटमध्ये तुम्ही चीनमधल्या ग्वांगझूवाल्याला हरवूच शकत नाही, त्यामुळे त्या नादाला लागूच नका.

मी रेटच्या आधी व्हिडिओ टाकतो. ५४ × ३ चा पार, म्हणजे ३ वॅटचे ५४ एलईडी, म्हटला की लोक १६२ वॅट धरतात, मीटर लावला की बरेच पार निम्म्यालाही पोचत नाहीत हे तुम्हालाही माहितीये. तर एकाच टेकमध्ये, एडिटिंग नाही, सिरीयल नंबर दिसतोय, वॅट मीटरचा आकडा दिसतोय, ५ मीटरवर प्रकाश मोजायचा लक्स मीटर धरलाय. सुरुवातीला लाज वाटायची, ब्रोशरवाल्यांपेक्षा आकडा कमी दिसतो ना, पण ज्याला कळतं तो तिथेच थांबतो आणि बोलायला लागतो.

आता माझा घोळ सांगतो. नैरोबीच्या एकाला २४ हेड पाठवले, प्रवासात हलू नयेत म्हणून पॅन-टिल्ट (हेडचं आडवं-उभं फिरणं) लॉक केलेले. तिकडच्या पोराने लॉक न काढताच पॉवर दिली, हेड स्वतः फिरून रिसेट घेताना दोन हेडचे टिल्ट बेल्ट गेले. फोन आला, माल खराब आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं हो, पण बारीक अक्षरात, आणि मॅन्युअल वाचतो कोण, मी तरी वाचतो का? वाद घातला नाही, बेल्ट कुरिअर केले आणि बदलायचा व्हिडिओ बनवला, त्या पोराला माझी भाषा कळणार नाही म्हणून तोंड बंद ठेवून नुसते हात दाखवले. तेव्हापासून लेन्सवरच लाल स्टिकर असतो आणि प्रत्येक फ्लाइट केसमध्ये एक पाउच, त्यात दोन बेल्ट, फ्यूज, सिग्नलची एक एक्सएलआर केबल. सात महिन्यांनी त्याचीच ऑर्डर आली. घासाघीस तेवढीच केली त्याने, ते सोडा.

डीएमएक्स चार्ट, म्हणजे कंट्रोलच्या कुठल्या चॅनेलवर लाइटचं कुठलं काम आहे तो तक्ता, स्वतः चेक करा. सप्लायर न सांगता बोर्ड बदलतो, चॅनेल सरकतात, आणि तिकडे ऑपरेटरने उजेड वाढवायला डिमर वर केला की लुकलुकणारा स्ट्रोब सुरू! क्लायंट कंट्रोलचा कन्सोल ॲव्होलाइट्सचा वापरतो की ग्रँडएमए ते आधीच विचारून फिक्स्चर फाइल (कन्सोलला तुमच्या लाइटची ओळख देणारी फाइल) मालासोबतच द्या.

पैशाचं म्हणाल तर फुकट सँपल मागणारा मला तरी परत भेटलेला नाही. दोन पीस पैसे घेऊन द्या, मोठ्या ऑर्डरला ३० टक्के ॲडव्हान्स, बाकीचे व्हिडिओवर माल दाखवून लोडिंगच्या आधी. उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडाल्यावर विमा देणारी सरकारी कंपनी) कव्हर घ्या. आयईसी (आयात-निर्यात कोड), लेटरहेड आणि बँक खातं एकाच नावावर हवं, खातं बायकोच्या नावावर दिसलं की तो गेलाच म्हणून समजा. आणि पहिल्याच कॉलवर सांगून ठेवा की आमचा खाते नंबर मेलवर कधी बदलणार नाही, तसा मेल आला तर आधी फोन करा, कारण मेल हॅक करून पैसे दुसरीकडे वळवणारे खूप आहेत. सीईचा (युरोपियन सुरक्षा मानकाचा) स्टिकर टेस्ट रिपोर्ट नसताना चिकटवू नका, तिकडे रिपोर्ट मागतात आणि मग तोंड लपवायला जागा नसते.

आणि नैरोबीत रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे साडेबारा. शनिवारी तिकडे कार्यक्रम असतात, म्हणून मी फोन सायलेंटवर टाकत नाही. बायको वैतागते.