वाचकांचे प्रश्न : महानगर नियोजनात पुढं जायचंय

प्रश्न : नगररचनेची पदवी आहे. नगरपालिकेच्या वाहतूक विभागात सात वर्षं झाली. आता महानगर प्रदेशाच्या नियोजन संस्थेत उपप्रमुखाची जागा निघाली आहे. अर्ज करण्याआधी काय शिकून घेऊ?

उत्तर : नगरपालिका एखादं बांधकाम थांबवू शकते. प्रादेशिक संस्थेला बहुधा तो अधिकार नसतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या 'मेट्रो' या प्रादेशिक संस्थेसारखी (ही रेल्वे नव्हे), मतदारांनी थेट निवडलेली आणि शहराच्या वाढीची हद्द स्वतः ठरवणारी संस्था विरळाच. बाकीच्यांच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात : भविष्याचे आकडे आणि निधीची यादी, म्हणजे कोणत्या कामांना पैसा मिळेल त्याची. अमेरिकेत १९६२च्या महामार्ग कायद्यानं ५० हजारांवर वस्तीच्या नागरी भागांना रस्त्यांच्या केंद्रीय निधीसाठी एकत्रित नियोजन सक्तीचं केलं, आणि तिथल्या प्रादेशिक संस्थांचं वजन या यादीतूनच आलं.

म्हणून पहिला अभ्यास लोकसंख्या आणि रोजगाराच्या अंदाजांचा करा. संपूर्ण प्रदेशाचा आकडा आधी ठरतो, मग तो गावागावांत वाटला जातो. प्रत्येक गाव स्वतःचा अंदाज फुगवून देतं, कारण जलवाहिन्या आणि रस्ते त्या आकड्यामागून येतात. सगळ्यांची बेरीज प्रदेशाच्या आकड्यापेक्षा जास्त भरते. अशा वेळी सगळ्यांचे आकडे सरसकट दहा टक्क्यांनी कापणं ही सर्वांत मोठी चूक. ज्यानं प्रामाणिक आकडा दिला तो बुडतो, ज्यानं फुगवला तो सुटतो. त्याऐवजी प्रत्येकाकडून तीनच गोष्टी मागा : दहा वर्षांत प्रत्यक्ष पूर्ण झालेली घरं, बांधण्याजोगी मोकळी जमीन, आणि पाणी व सांडपाणी यंत्रणेची शिल्लक क्षमता. वाटपाची पद्धत मात्र आकडे बाहेर पडण्यापूर्वीच मंडळाकडून मंजूर करून घ्या. नंतर प्रत्येक जण आपल्या वाट्याला काय आलं यावरूनच पद्धत बरी की वाईट ते ठरवतो.

दुसरं, वाहतुकीचं मॉडेल, म्हणजे कोणत्या रस्त्यावर किती गाड्या धावतील याचं संगणकावरचं गणित. ते स्वतः चालवता आलं नाही तरी चालेल, तपासता मात्र आलंच पाहिजे. मॉडेल प्रत्यक्षाशी किती जुळतं ते सांगणारा, ब्रिटनमध्ये वापरला जाणारा जीईएच निर्देशांक शिका. मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी यांतल्या फरकाचा वर्ग करून त्याची दुप्पट करायची, तिला दोन्ही आकड्यांच्या बेरजेनं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. तासाला १,००० गाड्या मोजल्या आणि मॉडेल १,१०० म्हणालं, तर उत्तर ३.१ येतं, ते चालतं. मॉडेल १,२०० म्हणालं तर ६ येतं, आणि मर्यादा ५ची आहे. मोजणीच्या किमान ८५ टक्के ठिकाणी ती पाळली जावी असा तिथला निकष आहे. पण आजची स्थिती जुळली म्हणजे वीस वर्षांनंतरचीही जुळेल असं नाही. सल्लागाराला विचारा, 'इंधन दुप्पट महागलं तर मॉडेलमध्ये काय बदलतं?' काहीच बदलत नसेल तर त्या मॉडेलच्या भरवशावर पूल बांधू नका.

तिसरं, पैसा. आराखडे कोसळतात ते बहुतेक इथंच. खर्च आजच्या दरानं लिहिलेला असतो. वर्षाला पाच टक्के भाववाढ धरली तर आजचे १०० दहा वर्षांनी १६३ होतात. शिवाय आहे त्या रस्त्यांची आणि बसगाड्यांची देखभाल आधी वजा करायची, उरेल त्यात नवं काम बसवायचं.

प्रश्न : नेतृत्वाच्या पदासाठी पीएचडी लागते का?

उत्तर : नाही. अंदाजपत्रक वाचता येणं जास्त कामाचं.

प्रश्न : आमच्या मंडळावर लहान गावांचे प्रतिनिधी प्रत्येक प्रस्ताव अडवतात. प्रमुखानं काय करावं?

उत्तर : त्यांची तक्रार बरेचदा खरी असते : गर्दी आमच्या रस्त्यावर आणि कर शेजारच्या गावाला. अमेरिकेतल्या मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरात १९७१च्या कायद्यानं यावर तोड काढली. व्यापारी व औद्योगिक करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचे ४० टक्के सामाईक खात्यात जातात आणि तिथून सगळ्या गावांत वाटले जातात. असा कायदा प्रमुख करू शकत नाही. पण प्रत्येक प्रस्तावासोबत कोणत्या गावाला किती फायदा, किती भार, याचा तक्ता नक्की देऊ शकतो. तो बैठकीच्या दहा दिवस आधी पोचवा. विरोध करणाऱ्याला त्याच्या गावी जाऊन भेटा. अभियंत्याला सोबत न्या, म्हणजे वळणरस्त्याची किंवा नाल्याची शंका तिथंच सुटते. हरकत आणि तिच्यावर काय केलं, हे इतिवृत्तात शब्दशः नोंदवा. आणि ११ विरुद्ध ९ मतांनी प्रस्ताव रेटण्यापेक्षा तो एक महिना लांबवणं बरं. असा निसटता ठराव मंडळ बदललं की पहिल्याच बैठकीत फिरवला जातो.