पुराचं पाणी आणि कांट

प्रश्न : बाई, नमस्कार. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय, 'कांटच्या मते जग हे मनाने निर्माण केलेले असते.' २०१९च्या पुरात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. ते काय माझ्या मनानं निर्माण केलं? आणि हे जर खोटं असेल, तर ज्ञानमीमांसेत (ज्ञान कसं होतं याच्या अभ्यासात) अजूनही या जर्मन लोकांचं नाव का घेतात?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. नोट्समधलं ते वाक्य चूक आहे, आणि ते इतकी वर्षं वर्गावर्गांतून फिरतंय याचं मला खरोखर वाईट वाटतं. माळ्यापर्यंत चढलेलं पाणी खरं होतं. इमॅन्युएल कांट या अठराव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञालाही ते मान्य आहे. 'हे खरंच घडलं' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हे त्याला शोधायचं होतं.

१७८१च्या 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या ग्रंथात त्यानं एक उदाहरण दिलंय, ते तुझ्या गावात रोज बघायला मिळतं. एक घर आणि नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाणारं एक जहाज. आपल्याकडं जहाज नाही, पण कृष्णेवरचा आयर्विन पूल आहे. पुलावर उभी राहा आणि काठावरच्या एखाद्या देवळाकडं बघ. आधी कळस बघ, मग पायऱ्या. किंवा आधी पायऱ्या, मग कळस. क्रम तुझ्या मर्जीचा, म्हणून 'आधी पायऱ्या होत्या, नंतर कळस झाला' असं तू म्हणत नाहीस. आता वरून जलपर्णीचा एक पुंजका वाहत येतोय. आधी तो पुलाच्या वरच्या अंगाला दिसतो, मग खाली हरिपूरच्या बाजूला. हा क्रम तुला फिरवता येत नाही. तो असा बांधलेला आहे म्हणूनच 'काहीतरी घडलं' हे म्हणता येतं.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं म्हणणं होतं की कार्यकारण, म्हणजे एका गोष्टीमुळं दुसरी घडते हे, ही नुसती मनाला लागलेली सवय. त्यानंच आपल्याला झोपेतून जागं केलं, असं कांट १७८३ साली लिहितो. कांटचं उत्तर असं की क्रम बांधणारा हा कार्यकारणाचा नियम अनुभवातून वेचून काढलेला नाही. तो नसेल तर घटनेचा अनुभवच होणार नाही, डोळ्यांपुढं नुसती दृश्यांची रास पडेल. पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी मनानं केलेलं नाही. पण ते 'आधी एवढं होतं, मग एवढं झालं, वरून आलं म्हणून चढलं' असं कळायला काळ, अवकाश आणि कार्यकारणासारख्या मूळ संकल्पना लागतात, आणि त्या मन पुरवतं. कार्यकारणासारख्या अशा बारा संकल्पना कांट मोजतो; काळ आणि अवकाश त्यांत नाहीत, ते वेगळे. त्याच्या मते ही चौकट सगळ्या माणसांची एकच, आणि कायमची.

हे 'कायमची' पुढं टिकलं नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथून सुरू होतं.

कांटनंतरच्या जर्मन तत्त्वज्ञांपैकी फिश्टे आणि शेलिंग यांच्यावर इथं थांबत नाही, हेगेलकडं जाऊ. १८०७च्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, 'आत्ता रात्र आहे' असं कागदावर लिहून ठेवा आणि दुपारी वाचा. मी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण मला ते भिडलं पुरात. माझ्या धाकट्या बहिणीनं फोनवर मेसेज केला होता : 'आत्ता पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय.' माझा फोन बंद पडलेला. वाचला तो दुसऱ्या दिवशी. ते 'आत्ता' कुठलं? पायऱ्या तर कधीच बुडाल्या होत्या. 'आत्ता', 'इथं', 'हे' हे सगळ्यांत पक्कं ज्ञान वाटतं, पण बोलायला गेलं की ते हातातून निसटतं आणि सगळ्यांच्या सामाईक शब्दांचा आधार घ्यावा लागतो. नुसतं समोर आहे म्हणून कळलं, असं होत नाही. कळणं हे भाषेतून, रीतीतून, इतिहासातून येतं.

आमचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पोत्यातलं एक हळकुंड काढायचं, कानाजवळ धरून मोडायचं, आवाजावरून ते नीट वाळलंय का ते ओळखायचं, मग गाभ्याचा रंग उजेडात बघायचा. मी आठ-नऊ वर्षांची, शेजारीच उभी. मला नुसतं पिवळं दिसायचं. अण्णांना दिसायचं ते मला दिसायला लागलं चार-पाच वर्षांनी, आणि तेही आधी त्यांचे शब्द शिकल्यावर. एक सांभाळ मात्र : हे उदाहरण कांटचं म्हणून परीक्षेत लिहू नकोस. कांटची चौकट शिकून येत नाही. हे हेगेलच्या वळणाचं आहे.

आणि हेच वळण विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा निघालं. विल्फ्रिड सेलर्सनं १९५६ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत एका समजुतीवर घाव घातला. ती अशी की ज्ञानाच्या तळाशी शुद्ध, न शिकलेली संवेदना असते आणि बाकीची इमारत तिच्यावर उभी राहते. 'हे हिरवं आहे' एवढं म्हणायलाही आधी खूप काही यावं लागतं, असं त्यानं दाखवलं. या समजुतीतून कांट सुटला नाही, प्रत्यक्षतेचा, म्हणजे काही न शिकता थेट कळतं या कल्पनेचा, मोठा शत्रू हेगेलसुद्धा पूर्ण सुटला नाही, असं त्याचं मत होतं. मला तो हेगेलवर जरा अन्याय वाटतो.

विज्ञानाच्या बाजूनंही चौकट हलली. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनंतर कांटला अभिप्रेत असलेली युक्लिडची (आपण शाळेत शिकतो ती) भूमिती अपरिहार्य उरली नाही. हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञानं १९२० साली लिहिलं की कांटनं दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या : चौकट कधी बदलत नाही, आणि चौकटीशिवाय ज्ञानाचा विषयच उभा राहत नाही. पहिली गेली, दुसरी राहिली. वैज्ञानिक क्रांतींवर लिहिणारा थॉमस कून तर स्वतःला हलत्या चौकटींचा कांटवादी म्हणवून घ्यायचा.

मूळ ग्रंथ एकदम हातात घेऊ नकोस. आधी १७८३चं छोटं 'प्रोलेगोमेना' वाच. घर आणि जहाज मोठ्या ग्रंथातल्या 'दुसरं सादृश्य' नावाच्या भागात सापडेल.

प्रश्न : 'गीतारहस्या'त टिळक कांटचा उल्लेख करतात. कांटचं वस्तुस्वरूप म्हणजेच आपलं ब्रह्म का?
— एक निवृत्त शिक्षक, विटा

उत्तर : नाही. टिळकांनी दोन्ही शेजारी ठेवली हे मोठंच काम, पण ती एक नव्हेत. ब्रह्माचा साक्षात्कार होतो असं वेदान्त सांगतो. कांटचं वस्तुस्वरूप, म्हणजे आपल्याला दिसते त्यापलीकडं वस्तू स्वतः जशी असेल ती, ही आपल्या ज्ञानाची वेस आहे. वेशीपलीकडचं काहीही कळल्याचा दावा तो करू देत नाही. १७८७ सालीच कांटचा समकालीन टीकाकार याकोबी यानं तक्रार केली होती की वस्तुस्वरूप मानल्याशिवाय कांटच्या घरात शिरता येत नाही आणि मानलं तर राहता येत नाही. फिश्टेनं ते काढूनच टाकलं. आणि एक विनंती : कांट ते हेगेल या जर्मन परंपरेला (इंग्रजीत 'आयडिअॅलिझम') 'आदर्शवाद' म्हणू नका. आदर्शांशी तिचा संबंध नाही. 'चिद्वाद' हा शब्द आपल्याकडं तयार आहे, तोच वापरावा.