मोटरवेलची गळती: आत काय बुजवायचं, खाली काय मोकळं ठेवायचं

18 फुटी फायबरची शिडाची होडी, कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) मागे मोटरवेल, म्हणजे इंजिनचा पाय पाण्यात सोडायला ठेवलेली, खालून उघडी चौकोनी विहीर, जेटीला बांधलेली असताना तळ कोरडा, पण शिडावर फिरून आलं की आत बादलीभर पाणी. कुठलं सीलंट वापरू आणि वेलचं खालचं तोंड कायमचं बंद केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तोंड कायमचं बंद करू नका. मांडवीबाहेर उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा छान मिळतो, पण संध्याकाळी तो पडला आणि ओहोटी लागली की शिडावर पणजी गाठणं कठीण. तेव्हा इंजिनच घरी आणतं.

आता गळती. होडी उभी असताना पाणी येत नाही, याचा अर्थ फट बहुधा नेहमीच्या पाणरेषेच्या वर आहे. होडी चालू लागली की मागची लाट वेलमध्ये चढते, आणि होडी कलली की एका अंगाला आणखी वर. म्हणून बाहेरून तळाला कितीही सीलंट फासलं तरी उपयोग होणार नाही.

होडी ट्रॉलीवर घ्या, इंजिन काढा. खालच्या तोंडाला प्लायचा तुकडा आणि रबर लावून खालून भक्कम टेकू द्या; 40 बाय 50 सेंमीच्या वेलमध्ये अर्धा मीटर पाणी म्हणजे 100 किलो वजन होतं. गोड्या पाण्यात खायचा लाल रंग कालवून थोडं थोडं भरत जा आणि एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. ज्या उंचीला आत लाल थेंब दिसेल, तिथे वेलच्या भिंतीवर खूण करा. मग उलटही पाहा: भरलेलं पाणी ओसरत ओसरत जिथे थांबतं, ती फटीची खालची कड.

बहुतेक वेळा दोनच जागा सापडतात: वेल आणि तळ जिथे जुळतात तो कोपरा, आणि इंजिन ज्या फळीवर बसतं तिचे बोल्ट. बोल्टकडे जास्त लक्ष द्या. इंजिनच्या धक्क्यांनी भोक सैल होतं, पाणी फायबरच्या आतल्या प्लायमध्ये मुरतं आणि आपल्या पावसाळ्यात ते सुकतच नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीभर ठोकून बघा. खणखणीत आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला तर प्लाय कुजलाय. तो कापून काढून मरीन प्लाय (आयएस 710 मानकाचा) घालावाच लागेल. प्लाय चांगला असेल तर भोक मोठं करा, जाडसर इपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरा, वाळल्यावर त्यातच नवं भोक पाडा आणि बोल्ट पॉलियुरेथेन सीलंट लावून बसवा. मग पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही.

कोपऱ्याला नुसतं सीलंट टिकत नाही, तिथे फायबरच हवं. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण सुकवा, ॲसिटोनने पुसा आणि मगच घासा. कोपऱ्यात जाड इपॉक्सीची गोलाई भरून तिच्यावर काचकापडाच्या तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. साधी चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) इपॉक्सीसोबत वापरू नका, तिचा बाइंडर, म्हणजे धागे चिकटवून ठेवणारा पदार्थ, पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं कापड घ्या. गोव्याच्या उकाड्यात इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होते, म्हणून थोडी थोडी कालवून पसरट ताटात ओता. पहिला थर वाळून गेला असेल तर त्यावरचा मेणचट थर पाण्याने घासून धुवा, मगच पुढचा द्या. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

सिलिकॉनला मात्र हातही लावू नका. त्यावर ना रंग धरत, ना इपॉक्सी, आणि ते ॲसिटोनने निघत नाही, खरवडूनच काढावं लागतं.

खालच्या तोंडासाठी फोम किंवा प्लायचा, फायबर चढवलेला बूच करा, खालची बाजू होडीच्या तळाच्या सपाटीत. इंजिन वर घेतल्यावर तो घालायचा, त्याने वेलमधली खळखळ आणि ओढ कमी होते. चारी बाजूंनी काही मिलिमीटर जागा सोडा; घट्ट बसवला तर आपल्या खाडीत कालवं धरून तो निघणारच नाही. दोरीने होडीला बांधून ठेवा. इंजिन वर निघत नसेल तर इंजिनच्या पायाभोवती चीर दिलेले रबराचे पडदे लावता येतात, फक्त ते थंड पाणी ओढणाऱ्या जाळ्या झाकत नाहीत आणि पंख्यापर्यंत पोचत नाहीत हे पाहा.

वरचं झाकण इंजिन चालू असताना उघडं ठेवा. बंद वेलमध्ये इंजिन स्वतःचाच धूर ओढून घुसमटतं आणि बंद पडतं. त्याहून महत्त्वाचं, वेल आणि केबिनमधली प्रत्येक फट, केबल आणि पेट्रोलच्या नळीची भोकंसुद्धा, याच कामात बुजवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि तुम्ही मुलांना आत झोपवता असं लिहिलंय.

होडी पाण्यात घालण्याआधी तीच लाल पाण्याची चाचणी काठापर्यंत भरून पुन्हा करा आणि रात्रभर तशीच ठेवा. इंजिनच्या फळीचा आतून काढलेला फोटो टाकलात तर प्लायबद्दल नेमकं सांगता येईल.