नागीण झाल्यावर हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस येण्याचा धोका खरंच वाढतो का?

वाढतो, पण तुमच्या मावशी म्हणाल्या तसं "नागीण झाली म्हणजे अटॅक येणारच" असं अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की बाबा ६४ चे, बीपीची गोळी चालू, आणि चार दिवसांपूर्वी कपाळावर आणि डाव्या पापणीवर फोड आलेत. बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी बाबांना आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले की डोळ्याला धोका असतो, आणि स्ट्रोकच्या, म्हणजे पॅरालिसिसच्या झटक्याच्या, बाबतीतही हीच जागा सगळ्यात वाईट.

मी फार्मासिस्ट आहे, स्वतःचं मेडिकल आहे. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच व्हायरस, तो अंगातून कधी जातच नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो, म्हणून फोड एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात. चेहऱ्याच्या ज्या मज्जातंतूतून तो डोळ्यापर्यंत येतो त्याच्याच फांद्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेलेल्या असतात, तिथे तो वाहिनीच्या भिंतीत शिरला तर सूज येते, वाहिनी अरुंद होते, गुठळी होते. हार्टच्या बाबतीत अंगभर सूज वाढणं, रक्त लवकर गोठणं आणि त्यात दुखण्यामुळे झोप नाही, बीपी चढलेलं, असं सगळं एकत्र येत असावं.

ब्रिटनमध्ये २०१४ साली नागीण आणि स्ट्रोक दोन्ही झालेल्या साडेसहा हजार लोकांचे रेकॉर्ड तपासले होते, तर नागिणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत स्ट्रोकचं प्रमाण ६३ टक्के जास्त निघालं, मग ते हळूहळू उतरत गेलं. डोळ्याजवळ नागीण असलेल्यांमध्ये तर पाचव्या ते बाराव्या आठवड्यात तिपटीहून जास्त. पण ज्यांना अँटीव्हायरल गोळ्या मिळाल्या होत्या त्यांच्यात हे प्रमाण बरंच कमी होतं! अमेरिकेत २०२२ मध्ये दोन लाखांवर लोकांचा अभ्यास आला, त्यात स्ट्रोक आणि हार्टच्या मोठ्या त्रासाचा धोका जवळपास ३० टक्के जास्त दिसला आणि तो बारा वर्षांपर्यंत टिकला. ३० टक्के म्हणजे काय, तर समजा हजारात दहा जणांना अटॅक येणार असेल तर तेरा जणांना येईल. घाबरून जाऊ नका, पण बीपी असलेल्या माणसाने हलक्यात घेण्यासारखंही नाही.

मला खरा राग येतो तो वाया गेलेल्या दिवसांचा. अँटीव्हायरल ७२ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, आणि आमच्याकडे लोक येतात पाचव्या-सहाव्या दिवशी, गेरूचा लेप वाळून कडक झालेला, खाली फोड फुटून पिकलेले, कारण आधी कुणाकडून तरी "नागीण उतरवून" आणलेली असते आणि घरात चर्चा एकच, तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो. असं काही नसतं हो. बाबांना चौथा दिवस असला तरी जा, डोळ्याजवळ असेल तर डॉक्टर उशिरानेही औषध सुरू करतात. असायक्लोव्हिर दिलं तर साधारण ८०० एमजी दिवसातून पाच वेळा, सात दिवस असतं, लोक पाचवी गोळी हमखास बुडवतात, ती बुडवू देऊ नका. पाणी भरपूर, आणि किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस बदलावा लागतो.

अजून एक, फोड म्हणजे उष्णता असं धरून लोक बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच बंद करतात, नेमक्या त्या महिन्यात ज्यात त्या सर्वात जास्त हव्यात! एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि दुखतंय म्हणून मनाने डायक्लोफेनॅक नको, त्याने बीपी आणि हार्ट दोन्हीवर ताण येतो.

पुढचे तीन महिने बीपी घरी मोजत राहा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात जड पडणं, छातीत दाब येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलला, वाट बघायची नाही.

लस आहे, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढे, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात. कोरियातल्या २०२५ च्या अभ्यासात जुन्या प्रकारची लस घेतलेल्यांमध्ये हार्ट-स्ट्रोकचा त्रास २३ टक्के कमी दिसला होता. बाबांचे फोड पूर्ण सुकले की फिजिशियनना विचारून घ्या, आणि आई पन्नाशीच्या पुढच्या असतील तर त्यांचंही त्याच वेळी विचारा.