दुर्मीळ आजाराची नेमप्लेट

ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य मी गेली काही वर्षे वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे : "हा कॅन्सर कुणालाच होत नाही म्हणे, मग यावर औषध तरी कुणाकडे असणार?" तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेल्याला नात्यात, शेजारीपाजारी त्या वाटेने जाऊन आलेले कुणीतरी भेटते, दुर्मीळ कॅन्सर झालेल्याला मात्र आजाराचे नावसुद्धा प्रत्येकाला दोनदा सांगावे लागते आणि त्या सांगण्यानेच तो थकतो.

कळव्याचे एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर होते. जठराच्या भिंतीतील गाठ शस्त्रक्रियेने काढली होती आणि अहवालात 'जिस्ट' (जठर-आतड्यांच्या भिंतीत होणारा एक दुर्मीळ कॅन्सर) असे निदान आले होते. मुलगी त्यांना घेऊन येई. पहिल्या दोन भेटींत ते फाइल मांडीवर घट्ट धरून बसले, उघडली मात्र नाही. तिसऱ्या भेटीत म्हणाले, "मॅडम, पोटाचा कॅन्सर म्हणावं तर डॉक्टर म्हणतात, तो नेहमीचा हा नव्हे. गावाहून भाऊ फोन करतो, मी उचलत नाही. सांगू काय त्याला?"

मरणाची भीती होतीच. त्याहून अधिक बोचत होते ते आपला आजार कुठल्याच ओळखीच्या खात्यात बसत नाही, हे. अशा वेळी धीर देण्याची घाई मी कटाक्षाने टाळते. माणसाने आयुष्यभर जे काम केले, त्या कामाच्या भाषेत त्याचे शहाणपण साठलेले असते, अशी माझी पक्की धारणा आहे. म्हणून मी विचारले, "कधी न पाहिलेलं मशीन बंद पडलं, तर तुम्ही आधी काय करता?"

"नेमप्लेट बघतो," ते चटकन म्हणाले. "मेक, मॉडेल, नंबर. मग मॅन्युअल मागवतो. ज्यानं तसलं मशीन आधी उघडलंय, त्याला गाठतो."

"कुणी पाहिलेलं नाही म्हणून सोडून देत नाही?"

"छे! तसं कसं सोडणार?"

मग ते गप्प झाले. फाइलच्या रबराशी बराच वेळ चाळा करत राहिले. मीही बोलले नाही. त्या शांततेत शब्द न घालणे मला अनेक वर्षांच्या कामानंतर जमू लागले आहे. अखेर त्यांनी फाइल उघडली, 'सी-किट पॉझिटिव्ह' (गाठीच्या पेशींत किट हे प्रथिन सापडले) या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "ही नेमप्लेट का?"

हो, तीच. पुढचे त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारून आणले. जिस्टच्या बहुतेक गाठींमागे किट जनुकातील बदल असतो, हे जपानमधील संशोधकांनी १९९८ साली दाखवले होते आणि २००२ मध्ये तेच किट प्रथिन रोखणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचे पेटंट नाकारल्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळीही मिळत राहिली. रात्री जागून ते मोबाइलवर जे जगण्याचे आकडे वाचत होते, त्यांतील कित्येक ही गोळी येण्याआधीचे होते. म्हणून दुर्मीळ आजाराच्या रुग्णांना मी नेहमी सांगते की, आकडा वाचण्याआधी त्याचे साल पाहा. आणि तो आकडा आपल्याला लागू आहे का, हे डॉक्टरांनाच विचारा.

दुसरे सांगणे असे की, ज्यांनी ही गाठ अनेकदा पाहिली आहे, त्यांच्याकडून निदानाची फेरतपासणी करून घ्यावी. आपल्या भागातील लोकांना परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र गाठता येते. जाताना कागदांबरोबर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे) मागून न्यावेत. आपल्या डॉक्टरांचा अपमान होईल, या संकोचाने अनेक जण थांबतात. तो संकोच मनातून काढून टाकावा. जनुकाची चाचणी करायची का, हेही विचारावे, कारण काही बदलांत गोळीचा डोस वेगळा लागतो आणि काहींत ती चालतच नाही.

नातेवाइकांना काय सांगायचे, याचे एक वाक्य आम्ही दोन भेटी खपून तयार केले : "जठराच्या भिंतीत गाठ होती, ती काढली, आता रोज एक गोळी आहे." त्या रविवारी त्यांनी भावाला स्वतः फोन लावला. भावाने आजाराचे नाव विचारलेच नाही, एवढेच विचारले, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

"जेवणाबरोबर," ते म्हणाले, "आणि वर मोठा पेला भरून पाणी."