ड्यूकची बटणं चिकटतायत

प्रश्न: पहिल्या एक्सबॉक्सचा तो अवाढव्य ‘ड्यूक’ कंट्रोलर मिळालाय, पण बटणं चिकटतात. घरी उघडून साफ करता येईल का?

उत्तर: नक्की करा, २००१ सालचा पीस आहे, जपायलाच हवा! मागचे स्क्रू फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने काढा पण झाकण एकदम ओढू नका हं, आत दोन व्हायब्रेशन मोटर असतात आणि त्यांच्या बारीक वायरी पटकन तुटतात. कव्हर आणि बटणं साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. रबरी पॅडखालचे काळे कार्बनचे ठिपके मात्र अजिबात घासायचे नाहीत, नुसते हलके पुसायचे, कारण ए-बी-एक्स-वाय बटण किती जोरात दाबलं तेसुद्धा ड्यूकला या ठिपक्यांमुळेच कळतं. बोर्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड पुरे. सगळं खडखडीत वाळलं की मगच जोडा.