टॅब आडवा केला की भरलेला फॉर्म का पुसला जातो?
मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी केलेलं तुमचं अ‍ॅप टॅब आडवा होताच सोयाबीनचं वजन-भाव पुसतं, म्हणून स्क्रीन उभी लॉक करू का, असं विचारलंय. नका करू, मूळ दुखणं तसंच राहील.

स्क्रीन फिरली की अँड्रॉइड चालू अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपचा समोर दिसणारा एक स्क्रीन) मोडून नव्याने उभी करतं. तिच्या व्हेरिएबलमधलं सगळं त्यात पुसलं जातं. डेटा व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा अ‍ॅक्टिव्हिटीबाहेर सांभाळणारा क्लास) हलवा, तो फिरवण्यात टिकतो. पण मेमरी कमी पडून सिस्टिमनं अ‍ॅपच बंद केलं, तर व्ह्यूमॉडेलही गेलं. आणि स्वस्तातल्या टॅबवर मधेच व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की हे होऊ शकतं. म्हणून कट्टे, वजन, भाव अशी थोडकी माहिती सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवा, सिस्टिमनं अ‍ॅप बंद केलं तरी ती परत मिळते. कंपोज (अँड्रॉइडचे स्क्रीन कोडमध्ये बनवायची नवी पद्धत) वापरत असाल तर त्याच कामासाठी रिमेंबरसेव्हेबल. पावतीचा फोटो मात्र त्यात कोंबू नका, फाइलमध्येच ठेवा.

लॉकचं म्हणाल तर, अ‍ॅपचं टार्गेट एपीआय (अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी अ‍ॅप बनवलंय तो आकडा) ३६ असेल तर अँड्रॉइड १६ हे लॉक ६०० डीपी (स्क्रीनच्या मापाचं एकक) किंवा त्याहून मोठ्या टॅबवर जुमानतच नाही (गेम्स सोडून). मॅनिफेस्टमधून (अ‍ॅपच्या सेटिंगची फाइल) सूट मिळते, पण ती तात्पुरती.

तपासायला टॅबच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ (अ‍ॅप सोडताच अ‍ॅक्टिव्हिटी मोडणारी सेटिंग) चालू करा, अर्धा फॉर्म भरा, होम दाबून परत या आणि भरलेलं टिकलंय का पाहा.